अडीच इंचांचा हिशोब

मनुष्याच्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते, आणि या अंतरामुळे समोरची प्रत्येक वस्तू आपण नकळत दोनदा पाहत असतो. डाव्या डोळ्याला खांबाची डावी कड तसूभर अधिक दिसते, उजव्याला उजवी, आणि या दोन किंचित विसंगत साक्षी ऐकून मेंदू जो निवाडा देतो त्यालाच आपण खोली म्हणतो. चित्रकार कितीही निष्णात असला तरी त्याच्या सपाट फळ्यावर ही खोली उतरत नाही, हे लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले होते. परंतु दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवावीत ही साधी तजवीज सुचण्यास त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. पुढे छायाचित्रणाची कला आली, कॅमेरे तळहाताएवढ्या काचेपासून दरवाजाच्या झडपेएवढ्या काचेपर्यंत वाढले, भिंगे सुधारली, रसायने सुधारली. डोळ्यांमधले अंतर मात्र होते तेवढेच राहिले. मोठ्या कॅमेऱ्याने जोडचित्रे घेण्याच्या धंद्याचा सारा इतिहास म्हणजे या वाढत्या काचेचा आणि न वाढणाऱ्या अंतराचा मेळ घालण्याची खटपट होय.

चार्ल्स व्हीटस्टन हा लंडनच्या किंग्ज कॉलेजातला प्राध्यापक. जून १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने दृष्टिव्यापारावरील आपला निबंध वाचला आणि सोबत एक विलक्षण उपकरण सादर केले. दोन आरसे काटकोनात एकमेकांना भिडवून त्यांच्या कडेशी नाक टेकून बसायचे. डाव्या व उजव्या हाताला उभ्या फळ्यांवर एकेक चित्र लावायचे. डाव्या आरशात डाव्या डोळ्याला डावे चित्र, उजव्यात उजव्याला उजवे, आणि क्षणार्धात कागदावरच्या निर्जीव रेषांमधून एक घन, एक शंकू अधांतरी उभा राहतो. या रेषाकृती त्याला हाताने काढाव्या लागल्या, कारण दागेर व टॅलबट यांच्या छायाचित्रणाच्या प्रक्रिया जगापुढे येण्यास अजून एक वर्ष अवकाश होता. छायाचित्र जन्मण्यापूर्वीच ते पाहण्याचे यंत्र तयार होते, असा हा उलटा प्रकार.

व्हीटस्टनच्या यंत्राचा एक गुण पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता, तो येथेच सांगून ठेवतो. आरशांत पाहायचे असल्यामुळे चित्रांच्या आकाराला मर्यादा नव्हती; हातभर रुंदीची चित्रे लावली तरी चालत, फळ्या तेवढ्या लांब सरकवायच्या. दोष दोन: यंत्र टेबल अडवून बसे, आणि आरसा डावे-उजवे उलटवीत असल्याने चित्रेही आधीच उलटी करून घ्यावी लागत. व्हीटस्टनने टॅलबटकडून कागदी छायाचित्रांच्या जोड्या मागवल्या तेव्हा टॅलबटने कॅमेऱ्याच्या दोन स्थानांत साडेसत्तेचाळीस अंशांचा कोन धरला होता. तो फार झाला, पंचवीस पुरे, असे व्हीटस्टनने डिसेंबर १८४० मध्ये त्याला कळवले. पंचवीससुद्धा आज आपल्याला अवास्तव वाटतात. समोर बसलेल्या मनुष्याचे एक चित्र त्याच्या एका कानाच्या बाजूने आणि दुसरे दुसऱ्या कानाच्या बाजूने घेतल्यासारखाच तो प्रकार.

या आरशांच्या यंत्राला सर डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये पर्याय दिला. एकच भिंग मधोमध कापून त्याचे दोन अर्धे दोन डोळ्यांसमोर बसवलेली, हातात मावणारी लाकडी पेटी. लंडनच्या चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, म्हणून ब्रूस्टर ती पॅरिसला घेऊन गेला. तेथे ज्यूल द्युबोस्क याने ती बनवली, १८५१च्या महाप्रदर्शनात, हाइड पार्कमधल्या त्या प्रसिद्ध काचमहालात मांडली, व्हिक्टोरिया राणीची नजर तिच्यावर ठरली, आणि मग पुढचे काय सांगावे! तीन वर्षांत लंडनमध्ये जोडचित्रे विकणारी कंपनी उभी राहिली, आणि १८५८च्या सुमारास आपल्याकडे एक लक्ष निरनिराळी दृश्ये असल्याचे ती मिरवू लागली. पण पेटी लहान झाली तेव्हा चित्रही लहान झाले. दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून दोन डोळ्यांनी सरळ पाहायची तर त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर डोळ्यांतील अंतराहून फारसे अधिक असून चालत नाही; अर्ध्या भिंगांच्या लोलकासारख्या गुणामुळे थोडी सवलत मिळते इतकेच. प्रत्येक चित्राच्या वाट्याला तीन इंचांची रुंदी आली ती या कारणाने, ग्राहकाच्या आवडीने नव्हे.

या दोघा विद्वानांचे पुढे हाडवैर जडले. शोधाचा मान कोणाचा, यावर जो मजकूर वर्तमानपत्रांत छापला गेला तो दोघांच्याही कीर्तीला शोभणारा नव्हता. परंतु त्या भांडणात एक मुद्दा खरोखरीचा होता: दोन चित्रे घेताना कॅमेरा किती सरकवावा? ब्रूस्टरचा आग्रह असा की निसर्गाने अडीच इंच दिले आहेत, तेवढाच. व्हीटस्टनच्या बाजूचे म्हणत की वस्तू दूर असेल तर अंतर वाढवावे, नाहीतर दूरचा डोंगर पडद्यासारखा सपाटच राहणार. दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी रास्त होते. कॅमेरा हात-दीड हात सरकवला की डोंगराला उठाव येतो खरा, परंतु त्याच क्षणी तो डोंगर राहत नाही, टेबलावर मांडलेला मातीचा देखावा होतो. कारण इतक्या दूर डोळे असलेला प्राणी राक्षसच असणार, आणि राक्षसाला डोंगर खेळण्याएवढाच दिसायचा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दुहेरी भिंगांचा कॅमेरा मँचेस्टरच्या जॉन डॅन्सरने १८५० नंतरच्या दशकात आणला. तोपर्यंत, आणि स्थिर विषयांसाठी त्यानंतरही पुष्कळ दिवस, एकच मोठा कॅमेरा लाकडी पाटावर बसवून त्यालाच सरकवीत. तिवईवर पाट, पाटाला खाच, खाचेच्या दोन टोकांना खुंट्या. कॅमेरा डाव्या खुंटीला टेकवायचा, डोक्यावर काळे फडके ओढून दूधकाचेवर उलटे पडलेले चित्र स्पष्ट करून घ्यायचे, काचेचा साचा घालून झाकण उघडायचे, मोजायचे, झाकायचे. मग कॅमेरा उजव्या खुंटीला न्यायचा आणि पुन्हा तेच. मधल्या वेळात जगाने स्तब्ध राहावे एवढी अपेक्षा. जग स्तब्ध राहत नाही. झाडाचे पान हलते, गुराखी मान वळवतो, आणि सूर्य तर कोणाचीच आज्ञा मानत नाही; दोन चित्रांच्या दरम्यान भिंतीवरची सावली बोटभर सरकली, तर पेटीत पाहताना ती भिंतीवर पडलेली दिसत नाही, भिंतीपासून सुटून हवेत तरंगणाऱ्या काळ्या फडक्यासारखी दिसते. जुनी जोडचित्रे पाहताना अशी सुटी सावली आढळली की ती एकाच भिंगाने, एकामागून एक घेतली असावीत, असे खुशाल समजावे.

त्यात १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने दिलेली ओल्या कोलोडियनची पद्धत ही एक स्वतंत्र कसरत होती. काच राखेसारख्या बारीक भुकटीने घासून निर्मळ करायची, ईथर व मद्यार्क यांत विरघळवलेले कोलोडियन तिच्यावर ओतून चारी कोपऱ्यांपर्यंत असे फिरवायचे की एक थेंबही परतून येऊ नये, ती अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली आहे तोवर चित्र घेऊन लगेच धुवायची. अवघ्या दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. ईथर पस्तीस अंशांच्या आतबाहेरच उकळते, तेव्हा वैशाखात आपल्या मुलखात काम करणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. कापडी तंबूत कोंडून घेतलेला तो मनुष्य घामाने निथळत, ईथरच्या वासाने गुंगत, चांदीने काळी पडलेली बोटे झटकत काच सांभाळीत असे. तशात काच एक नव्हे, दोन. आणि एक बिघडली की दुसरी चांगली असून निरुपयोगी.

दुहेरी भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर दोन्ही चित्रे एकदम उमटू लागली तेव्हा सावल्यांची तक्रार मिटली, परंतु एक नवी गंमत उद्भवली. भिंग प्रत्येक चित्र उलटवते, परिणामी काचेवरून काढलेल्या सरळ प्रतीत डाव्या डोळ्याचे चित्र उजवीकडे येते. प्रत मधोमध कापून अर्ध्यांची अदलाबदल करूनच ती पुठ्ठ्यावर चिकटवायची असते. कारागिराचे लक्ष नसले आणि अदलाबदल राहून गेली की जवळचे दूर आणि दूरचे जवळ होते. माणसाच्या चेहऱ्यावर हा जादूटोणा सहसा चालत नाही, कारण नाक आत गेलेले मानण्यास मन तयार होत नाही. दगडी शिल्पावर मात्र तो बिनदिक्कत चालतो, खांब पन्हळीसारखे पोकळ होतात आणि स्तूपाचा अंड रांजणाच्या पोटासारखा आत वळतो.

अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या वैद्य-साहित्यिकाने १८६१ मध्ये दांडीवर धरायचा हलका, उघडा दर्शक केला आणि त्याची सनद मुद्दाम घेतली नाही, त्यामुळे तो घरोघरी गेला. त्याच वर्षी कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर सरंजाम लादून योसेमिटीच्या दरीत उतरला. त्याच्याजवळ दोन कॅमेरे होते: एक अठरा बाय बावीस इंचांच्या काचेचा अजस्र, आणि एक जोडचित्रांचा. अजस्र काचेवर त्याने सुमारे तीस चित्रे घेतली, जोडचित्रे सुमारे शंभर. मोठ्या काचेत कड्यावरचा एकेक पाइन वृक्ष मोजता येतो, पण कडा किती पुढे झुकला आहे हे कळते ते जोडचित्रातच. वॉटकिन्सने निवड करण्याचे नाकारले आणि दोन्ही ओझी वाहिली. ती चित्रे पूर्वेकडील राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचली, आणि १८६४ मध्ये लिंकनने ती दरी संरक्षित करणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढे १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत वॉटकिन्सचा संग्रह भस्मसात झाला, तेव्हा तो वृद्ध आणि जवळजवळ आंधळा होता.

ज्या १८६४ साली लिंकनने ती सही केली त्याच साली लंडनमध्ये दोन पुस्तके निघाली, आणि या लेखाचे खरे कारण ती आहेत. दोहोंतील छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिलची, विवेचन वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसनचे. एकात हिंदुस्थानातील लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे. दुसऱ्याचा विषय पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व वन्य प्राणी, आणि त्याच्या नावातच शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रांचा उल्लेख आहे.

गिल म्हटला की मराठी वाचकाला पारो आठवते. अजिंठ्याची ती मुलगी, ती कबर, महानोरांचे दीर्घकाव्य, त्यावरचा चित्रपट. या कथेने आपल्या मनात इतके घर केले आहे की त्या कथेच्या नायकाच्या हाती कुंचल्याखेरीज दुसरेही काही साधन होते हे आपण विसरूनच गेलो. फर्ग्युसनने अजिंठ्याची चित्रे नष्ट होत असल्याचे १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीला बजावले, सोसायटीने कंपनी सरकारकडे रदबदली केली, आणि १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतील गिल या तेव्हाच्या कप्तानाची भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमणूक झाली. लेणी तेव्हा निजामाच्या अंमलाखाली. वाघोरा नदीच्या घळीत वटवाघळे, मधमाश्या आणि खरोखरीचे वाघ. गिलने तैलरंगांत, मूळ आकाराच्या मोठमोठ्या कापडांवर वर्षानुवर्षे नकला केल्या आणि विलायतेस रवाना केल्या. तेथे त्या लंडनजवळ सिडनहॅम येथे मांडून ठेवल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक सर्व जळाल्या. ज्या इमारतीत त्या जळाल्या ती म्हणजे हाइड पार्कमधून हलवून नेलेला तोच काचमहाल, जेथे १८५१ मध्ये राणीने ब्रूस्टरच्या पेटीत डोकावून पाहिले होते. (मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने पुढे विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या संग्रहालयात जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना विलायत मानवली नाही हेच खरे.)

नकला करीत असतानाच, १८५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून, गिलने कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार, अन्वा या ठिकाणांची त्याची छायाचित्रे आज लंडनच्या संग्रहांत आहेत. रंगीत भित्तिचित्रे त्या काळच्या काचेवर उतरवणे हे फसवे काम होते. ती काच निळ्या प्रकाशालाच काय ती दाद देई, त्यामुळे अजिंठ्याचे गेरू आणि पिवळे रंग काळवंडून एकजीव होत. परंतु लेणे म्हणजे काही केवळ भिंतीवरचे चित्र नव्हे. इमारत बांधतात ती दगडावर दगड रचून. लेणे करतात ते दगड काढून टाकून. तेथे शिल्पीने जे केले ते म्हणजे एक पोकळी, आणि पोकळीचे सपाट चित्र काढणे म्हणजे तिचा प्राणच काढून घेणे. एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरची ती घोड्याच्या नालाच्या आकाराची खिडकी एकेरी छायाचित्रात नक्षीच्या पत्र्यासारखी दिसते. तिच्या कमानीची जाडी, खालच्या अर्धमंडपाचे पुढे आलेले छप्पर, आणि आतल्या अंधारात दूर उभा असलेला स्तूप ही तीन अंतरे डोळ्याला निरनिराळी लागतात ती दोन डोळ्यांनी पाहिल्यावरच. आणि येथे अंतरांचा वाद उद्भवत नाही: लेण्यातला खांब आणि पाहणारा यांच्यात दहा-वीस हातांचे अंतर असते, तेवढ्याला निसर्गाचे अडीच इंच पुरेसे आहेत. ब्रूस्टरचा नियम डोंगराबाबत उणा पडत असेल, डोंगराच्या पोटात तो अगदी बरोबर आहे.

म्हणून माझे मत असे की गिलच्या नकलांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या जोडचित्रांचे मोल आहे. नकलेत गिलचा हात दिसतो. जोडचित्रात, डागडुजी होण्यापूर्वीचा, मोडक्या खांबांचा आणि ढिगाऱ्यांचा अजिंठा दिसतो, आणि तो किती खोल होता हेही दिसते. दगडाच्या अभ्यासकाला याहून निराळा दाखला कोणता हवा? गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मुंबईत ही कला तेव्हा नवखी नव्हती. ऑक्टोबर १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते, आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून पुढे आले. जोडचित्रांचा मोठा व्यापार मात्र अमेरिकन कंपन्यांच्या हाती गेला. अंडरवुड अँड अंडरवुड या कारखान्यातून १९०१च्या सुमारास दिवसाला पंचवीस हजार चित्रे बाहेर पडत. त्यांचा छायाचित्रकार जेम्स रिकाल्टन हा मूळचा शाळामास्तर; एडिसनच्या दिव्यासाठी योग्य बांबू शोधत तो १८८८ मध्ये आशिया पालथा घालून गेला होता. त्याच्या शंभर जोडचित्रांतून घडवलेली हिंदुस्थानची सफर १९०७ मध्ये पुस्तक, नकाशे आणि चित्रांची पेटी अशा थाटात विकली गेली. चित्रे नीटस आहेत. गिलचा मुक्काम त्यांत नाही, प्रवाशाची घाई आहे. पुढे सिनेमा आला आणि दिवाणखान्यातली ही पेटी मुलांच्या खेळण्यांत जाऊन पडली.

तेव्हा मोठ्या काचेचे काय झाले? ती आकाशात गेली. पहिल्या महायुद्धापासून विमानातून जमिनीची छायाचित्रे घेऊ लागले, आणि आज भूशास्त्राच्या एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत गेल्यास तेवीस सेंटिमीटर लांब-रुंद अशी छायाचित्रे टेबलावर आढळतील. प्रत्येकाचा साठ टक्के भाग पुढच्या छायाचित्रातही आलेला असतो. तीन इंचांच्या पेटीत ती मावत नाहीत. त्यांच्यावर चार पायांचे एक यंत्र ठेवतात आणि त्यात दोन्ही बाजूंना आरसे असतात. व्हीटस्टनने १८३८ मध्ये मांडलेली, ब्रूस्टरने अडगळ ठरवलेली रचना ती हीच. फक्त एकेका डोळ्याला एकाऐवजी दोन आरसे दिल्यामुळे आता चित्र उलटे करावे लागत नाही. मी प्रथम त्या यंत्राला डोळे लावले तेव्हा बराच वेळ नुसती करडी दुहेरी धूसरता दिसत राहिली. मग शिकवणाऱ्या गृहस्थांनी एक कागद नखभर फिरवला आणि सह्याद्रीची एक सोंड एकाएकी नाकाला लागेल इतकी वर आली. कडे प्रत्यक्षात असतात त्याहून कितीतरी उंच दिसतात, कारण विमानाचे दोन डोळे एकमेकांपासून शेकडो मीटर दूर असतात. राक्षसाचे डोळे अखेर असे कामी आले.

जाता जाता संपादकांना आणि ग्रंथकारांना एक विनंती. अजिंठा-वेरुळावरील आपल्या पुस्तकांत जोडचित्राचे एकच अर्ध छापून दुसरे गाळण्याची रीत आहे. जागा वाचते हे खरे, परंतु ज्याच्यासाठी त्या मनुष्याने दुप्पट कष्ट उपसले तेच आपण फेकून देतो. यापुढे दोन्ही चित्रे छापावीत, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे. आणि एकाच खांबाच्या दोन प्रतिमांमध्ये अडीच इंचांहून अधिक अंतर पडू देऊ नये, म्हणजे ज्याच्याजवळ यंत्र नाही त्या वाचकालाही, पान हातभर दूर धरून नजर पानाच्या पलीकडे सैल सोडल्यास, थोड्या सरावाने लेण्याच्या आत जाता येईल.